खेळण्यांना शिक्का हवाच, पण तपासणी कोल्हापुरात हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खेळण्यांच्या दुकानात आयएसआय शिक्क्याची तपासणी झाली, अशी बातमी आली की आमच्या गल्लीत दोन दिवस तोच विषय असतो. मी शिवाजी उद्यमनगरात दोन कामगारांना घेऊन पांगुळगाडे, खुळखुळे, भोवरे आणि भातुकली बनवतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हा शिक्का सक्तीचा आहे. सुरुवातीला मीही इतरांसारखाच वैतागलो होतो. लाकडाच्या भोवऱ्याला कसला आलाय शिक्का?

मग खेळण्यांच्या सुरक्षिततेचं आयएस ९८७३ हे मानक वाचायला घेतलं. त्याच्या पहिल्या भागात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं सांगितलंय. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. खेळण्याचा सुटा तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो बाळाच्या घशात अडकण्याचा धोका धरायचा. घरात लेथ आहेच, तेव्हा नळकांडं आम्हीच कातलं. पांगुळगाड्याच्या दांडीवरचा लाल मणी उपटून त्यात टाकला, तर आमचा कामगार म्हणाला, “दादा, हे तर भसकन् आत गेलं की!” हाच मणी आम्ही कितीतरी वर्षं नुसत्या सरसावर चिकटवत होतो. माझ्या पुतण्याचा पांगुळगाडाही तसाच होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करतो.

आता मणी मोठा केलाय आणि आरपार खुंटी मारतो. हुकाचा काटा लावून ओढूनही बघतो. सहा मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटनची, म्हणजे साधारण नऊ किलोची ओढ सोसावी लागते. एवढं घरी जमतं.

रंगाचं मात्र घरी जमत नाही. खेळण्यावरून सुटून येणारं शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या आत आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही आणि डब्यावरच्या लेबलवर भरवसा ठेवून चालत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, आणि त्यासाठी नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागतात. मोठा कारखाना एका डिझाइनचे हजारो नग काढतो, त्याच्या नगावर हा खर्च पैशांत पडतो. आमचा दिवाळीचा अख्खा माल दोन टेम्पोत मावतो.

“तुम्हाला सूट आहे की,” असं अनेक जण सांगतात. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरानं बनवून विकलेल्या मालाला सूट आहे, तशीच ती भौगोलिक मानांकन असलेल्या मालाच्या नोंदणीधारकांनाही आहे. माझी नोंदणी आहे ‘उद्यम’ची, म्हणजे लघुउद्योगाची. ती दाखवून ही सूट मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर सूट मिळाली तरी त्या लाल मण्याचं काय? हा शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, २०१६ च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन लाख दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि टेंबलाईच्या जत्रेत बटणसेलवर पेटणारी, ना नाव ना शिक्का असलेली खेळणी पोरांच्या हातात खुशाल असतात. तिकडे नळकांडं घेऊन कोण जातंय?

शिरोलीत फौंड्रीवाल्यांनी क्लस्टर करून वापरलेली वाळू पुन्हा वापरात आणायची सोय उभी केली. एकट्यादुकट्याला ते झेपलं नसतं. तसंच जिल्हा उद्योग केंद्रानं पुढाकार घेऊन खेळणीवाले, कापडी बाहुल्या शिवणारे बचत गट, झोपाळे-घोडे बनवणारे सुतार अशा सगळ्यांसाठी एक सामायिक तपासणी केंद्र काढावं. निदान महिन्यातून एकदा नमुने गोळा करून एकत्र पाठवायची व्यवस्था तरी करावी. फी आम्ही भरू.

आईबापांनीही घेताना खेळणं उलटं करून बघावं. शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं.

आमचं नळकांडं आणि काटा कारखान्यातच असतो. बचत गटाच्या बायकांनी किंवा कुणा सुतारानं आपला माल घेऊन यावं, पाच मिनिटांत तपासून देतो. पैसे नकोत.

आपला,
एक खेळणी उत्पादक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर