वीकेंडला किनाऱ्यावर मासे पकडायला रॉड घेऊन जाणाऱ्यांसाठी

मंडळी, गोव्यात कळंगुट-बागाला संध्याकाळी जाताय तर कास्ट मारायच्या (गळ लांब फेकायच्या) आधी मागे बघा, पोरं वाळूत खेळत असतात आणि शंभर ग्रॅमचं शिसं कुणाच्या कपाळावर बसलं तर काय होईल ते सांगायला नको. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे लोक पोहतात, तिथे लाईन टाकायचीच नाही. शेजाऱ्याच्या लाईनवरून आडवी कास्ट नको, गुंता झाला तर भांडत बसू नका, सरळ आपली कापा, पण तुटलेली ब्रेड (विणलेली लाईन) खिशात घाला, कुत्र्यांच्या पायात अडकते. मच्छीमार रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढायला आले की आपण बाजूला व्हायचं, त्यांचं पोट आहे ते, आपला टाइमपास (मासळीही त्यांनाच जास्त मिळते म्हणा!). आणि मोरजीला कासवांच्या अंडी घालायच्या सीझनमध्ये रात्री हेडलॅम्प लावून फिरू नका.