दाखला देताना सांभाळणाऱ्यालाही विचारा

महोदय,

माझे सासरे वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचे. वय 63. बीपी, शुगर जुनीच, मध्ये अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. विसरणं वाढलं तसं नांदेडला नेऊन एमआरआय केला. निदान झालं मिश्र डिमेन्शिया: अल्झायमर आहेच, शिवाय मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबूनही नुकसान झालेलं.

संजय गांधी निराधार योजनेसाठी 40 टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र हवं, म्हणून अर्ज केला. तपासणीच्या खोलीत मामांनी हात जोडून रामराम घातला, नाव-गाव बिनचूक सांगितलं, वर हळकुंड कसं पारखायचं तेही समजावलं. "आजोबा ठणठणीत आहेत, वयानं होतं असं. आणि दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत डिमेन्शिया नाहीच," असं सांगून तपासणाऱ्यांनी आम्हाला परत पाठवलं.

यादीत वेगळं नाव नाही, हे खरं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान बिघडणं स्पष्ट लिहिलेलं आहे. टक्केवारी काढायची आयडियाज ही मोजपट्टी ज्या आजारांसाठी तयार झाली, त्यांतही डिमेन्शिया होता. ती स्वतःची निगा, माणसांशी वागणं, समजणं-बोलणं आणि काम या चार गोष्टी पाहते. पाच मिनिटांत यातलं बोलणं तेवढं दिसतं. सदऱ्याच्या बाहीत पाय घालून बसलेले, हात धुऊन उठताच "सकाळपासून उपाशी आहे" म्हणून शेजारी सांगणारे, रात्री गाडी खाली करायची म्हणून कडी काढून मोंढ्याकडे निघालेले मामा त्या टेबलापुढे कसे दिसणार? ते सगळं मी पाहते. कागदांची पिशवी घेऊन मी दारातच उभी होते, मला एक प्रश्नही कुणी विचारला नाही.

मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे, सांभाळणाऱ्याचं म्हणणं तपासणीत लिहून घ्या. डिमेन्शियाचा अर्ज मानसिक आजाराच्या रकान्यात घ्यायचा, हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही सांगून ठेवा. 'मानसिक' म्हटलं की घरचे बिचकतात, आमच्याकडेही तेच झालं. त्यांना दोन शब्द समजावून सांगणारं कुणी तिथे हवं.

65 नंतर श्रावणबाळ योजना आहेच, असं सांगून काही जण समजूत काढतात. पण मामांना एकटं सोडता येत नाही म्हणून माझी रोजंदारी आत्ताच सुटली आहे, आणि औषधं दर महिन्याला लागतात.

– एक सून, वसमत, जि. हिंगोली