मिरजेच्या वाटेवरची गाणी

सानपाडा,
रविवार, रात्री

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहूनच पाठवते आहे. पूर्ण वाचा. आई, तू मोठ्याने वाच म्हणजे दोघांचं होईल.

गुरुवारी मिरजेला जाताना गाडी बाबा चालवणार नाहीत. ड्रायव्हर ठरवला आहे, पैसेही देऊन झाले आहेत. बाबा, यात तुमच्या चालवण्यावर अविश्वास नाही. तुमच्याइतकं सांभाळून घाट उतरवणारं आपल्या घरात कुणी नाही, मी तर नाहीच. पण समोरच्या गाडीचे दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसतात हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत. शिवाय पावणेचारशे किलोमीटर म्हणजे थांबे धरून नऊ तास. त्यात आत्याची पंचाहत्तरी, दोन दिवस पाहुणे, आणि लगेच परतीचा प्रवास. मी आले असते तर आलटून पालटून चालवली असती. पण चिनूची प्रॅक्टिकल नेमकी त्याच दिवशी आहे आणि याच आठवड्यात मी घरी नसणं बरं नाही. हे रोज मनात येतंय, तरी निर्णय तोच आहे.

स्टिअरिंग सोडून बाकी सगळं तुमच्याकडे. पुढच्या डाव्या सीटवर बसायचं आणि गाणी सांभाळायची.

पाकिटात लाल दोरा बांधलेला पेनड्राईव्ह आहे. ३२ जीबीचा आहे आणि मुद्दाम फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलाय, कारण गाडीतले बरेच स्टिरिओ एनटीएफएस किंवा एक्सफॅट ओळखतच नाहीत, नुसतं "नो फाइल" दाखवत बसतात. फाइली एमपीथ्री, ३२० केबीपीएस. तासाला जेमतेम दीडशे एमबी लागतात, त्यामुळे नऊ तासांचं गाणं दीड जीबीच्या आतच बसलं. नावं इंग्रजी अक्षरांत दिली आहेत, कारण देवनागरी नावांचे त्या स्क्रीनवर चौकोन होतात. प्रत्येक नावापुढे ०१, ०२ असे आकडे आहेत. नुसतं १ आणि २ लिहिलं तर स्टिरिओ १ नंतर १० वाजवतो. तसाच दुसरा पेनड्राईव्ह आईच्या पर्समध्ये ठेवा. फोनवरून गाणी लावू नका. खंडाळ्याच्या घाटात रेंज जाते आणि ऐन रंगात आलेलं गाणं गोल गोल फिरत थांबतं. ड्रायव्हरचा फोन ब्लूटूथला आपोआप जोडला गेला तर त्याचा प्रत्येक कॉल तुमच्या कानात येईल, तेव्हा निघण्याआधीच तो काढून टाकायला सांगा.

बाबा, आता जे सांगते त्यावर रागवू नका. या रेकॉर्डिंगांचे आवाज मी थोडे दाबले आहेत. घरच्या कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ फाइली जशाच्या तशा कॉम्प्युटरवर आहेत, त्यांना हात लावलेला नाही. हे फक्त गाडीसाठी. काचा बंद असल्या तरी वेगात गाडीच्या आत ६५-७० डेसिबलचा घरघराट असतो आणि एक्सप्रेस वेचा रस्ता काँक्रीटचा, त्यामुळे टायरचा आवाज जास्तच. तो आवाज खर्जातला असतो, म्हणून तानपुरा आणि डग्गा आधी बुडतात. मग माणूस आलापाला आवाज वाढवतो, आणि पाऊण तासाने जलद लयीतलं द्रुत सुरू झालं की तबला कानठळ्या बसवतो. हे टाळायला कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटी प्रोग्रॅममध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी केलं, दोनास एक या प्रमाणात, त्याहून जास्त नाही. त्यापुढे गेलं की तानपुरा गायकाच्या श्वासागणिक वर-खाली व्हायला लागतो, ते मलाही सहन झालं नाही. सगळ्या फाइलींची पातळी एकसारखी केलीय. आवाज इतकाच ठेवा की मागे बसलेल्या आईशी तुम्हाला नेहमीच्या आवाजात बोलता येईल आणि मागून आलेला हॉर्न ड्रायव्हरला कळेल. बेस दोन घर खाली, ट्रेबल एक घर वर.

हे झालं गाडीचं. खरी अडचण कानातल्या मशीनची आहे. बासरी ऐकताना सूर थरथरतो, "रेकॉर्डिंग खराब आहे" असं तुम्ही म्हणता, ते रेकॉर्डिंग उत्तम आहे. लांब धरलेला एकच सूर आला की मशीनला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तो सूर मारायला जातं. सतत वाजणारा तानपुरा त्याच्या हिशेबी पंख्यासारखा गोंगाट, म्हणून तो कमी करतं. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून त्याची रचनाच तशी आहे. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालता येतो, त्यात ही दोन्ही कामं बंद किंवा मंद करतात. मंगळवारी अकराची वेळ मी घेऊन ठेवली आहे, नौपाड्यातच, घरापासून चालत पाच मिनिटं. जाताना तुमची बासरीची एखादी फाइल फोनवर न्या आणि तिथेच ऐकून बघा. "चालेल" म्हणून उठू नका, सूर सरळ ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. गाडीत मशीन तुमच्या डाव्या कानात, म्हणजे खिडकीकडे येतं. खिडकी उघडली किंवा एसीची झोत तिकडे आली की त्यात फरफर होते, तेव्हा तुमच्या बाजूची जाळी खाली वळवा आणि बॅलन्स थोडा उजवीकडे घ्या. ३१२ नंबरच्या सेलचं नवं पाकीट औषधांच्या डब्यात ठेवलंय. पट्टी काढली की एक मिनिट थांबून मग घाला.

निघायचं सहाला. कळव्याचा पूल, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. मुंब्रा बायपास नको, ट्रकच्या मागे अडकाल. पहिला अर्धा तास काहीच लावू नका. आईचं "गॅस बंद केला का, दुधाच्या पिशवीचं सांगितलं का" तेवढ्यात आटपेल आणि ड्रायव्हरलाही गाडीचा अंदाज येईल. कळंबोलीनंतर ०१ चा फोल्डर लावा: हरिप्रसादजींच्या बासरीवर अहिरभैरव. काँक्रीटच्या घरघराटातून बासरी वर निघते, म्हणून तिथे तीच ठेवली आहे.

घाट लागला की आवाज अगदी बारीक, वळणं जास्त असतील तर बंदच. आईला तिथे मळमळतं. फोनमध्ये डोकं घालायचं नाही, समोर लांबवर बघत राहायचं, आणि आलेपाक तुझ्या हाताशीच ठेव, डिकीतल्या पिशवीत नाही.

पुण्याच्या बायपासला नऊच्या सुमारास ऑफिसची गर्दी मिळेल, वाकडपासून नवले पुलापर्यंत. तिथे ०२: शिवकुमारजींचं संतूर. थांबत-सरकत जाताना शब्द नसलेलं वाद्य बरं पडतं, चिडचिड होत नाही. बातम्या लावू नका. कात्रजचा बोगदा ओलांडून रस्ता मोकळा झाला की ०३, त्यात देसकार आणि अल्हैया बिलावल हे राग आहेत. तोडी मी ठेवली नाही. तुम्ही तोडीत इतके गुंतता की शेजारी कोण काय विचारतंय ते कळत नाही, आणि ड्रायव्हरला रस्ता विचारायचा असेल. अमीर खाँसाहेबही नाहीत. त्यांच्या अतिविलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, दोन स्वरांमधली जी शांतता आहे ती गाडीत ऐकूच येत नाही. ते तुमच्या खोलीत, दिवा मालवून ऐकायचं गाणं आहे. दर दोन तासांनी थांबा आणि पाच मिनिटं चाला, दोघंही, पाय सुजेपर्यंत वाट बघायची नाही. प्रत्येक फोल्डर दोन तासांच्या आतच ठेवलाय, कारण काही स्टिरिओ गाडी बंद करून चालू केली की गाणं पहिल्यापासून लावतात. फोल्डर संपला की चहा, असं धरून चला.

जेवण कऱ्हाडला. ताक, भात, भाजी. बाबा, मिसळ परतीच्या वाटेवर.

त्यानंतरचे दोन तास सगळ्यांत जपायचे. दुपारी दोनच्या आसपास रात्री नीट झोपलेल्या माणसालाही पेंग येते, आणि पुढे पेठ नाक्यापर्यंत रस्ता सरळ. तुम्हाला डुलकी लागावी असं संथ गाणं तेव्हा लावलंत तर ते ड्रायव्हरलाही लागू पडतं. म्हणून ०४ मध्ये भीमसेनजींचे अभंग आणि कुमारजींची निर्गुणी भजनं घातली आहेत. टाळ आणि ठेका आहे, आईला पाठ आहेत, तिने म्हणावं. ०५ मध्ये जुनी हिंदी सिनेमाची गाणी. ड्रायव्हरला विचारा, त्याला हवं ते लावा, त्याच्या आवडीचं नसलेलं गाणं त्याला जागं ठेवत नाही. आणि तो डोळे चोळतोय, एकसारख्या जांभया देतोय, आपली लेन सोडून गाडी बाजूला जातेय असं दिसलं, तर कुठल्याही गाण्याचा उपयोग नाही. गाडी बाजूला घ्यायला सांगा. त्याला चहा द्या आणि लगेच वीस मिनिटं झोपू द्या. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, उठेल तेव्हा दोन्ही मिळून ताजा होईल. संकोच करू नका, उशीर झाला तर आत्या थांबेल.

तानपुरा नेताय हे आत्याने सांगितलं, तुम्ही नाही. न्या. मिरजेतच त्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, नीट होईल. पण डिकीत नको. मागच्या सीटवर, भोपळ्याखाली आईची मऊ उशी, दांडी दाराकडे, आणि सीटबेल्ट वरून फिरवून लावा. तारा सूर-दोन सूर उतरवा, अगदी सैल करू नका, घोडी सरकते आणि जवारीचं सूत हरवतं. जेवायला उतरताना गाडी सावलीत लावा. बंद गाडीतल्या उन्हात सरस मऊ पडतो आणि भोपळ्याचा सांधा सुटतो. आई, तू त्याच्या शेजारी बसायचंस, बेल्ट लावून. मागे आडवं पडायचं नाही. मानेची उशी वेगळी दिलीय, गुडघ्यावर शाल घे, एसीचा वारा थेट गुडघ्यावर येऊ देऊ नकोस. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला, आणि लघवीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना फोन करून आजच विचार. पाणी कमी पिऊन भागवू नका, थांबायला जागा भरपूर आहेत.

सांगली मागे पडली की ०६. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठ जुन्या तबकड्या, एकेक तीन-साडेतीन मिनिटांची, मिरज येईपर्यंत पुरतील. यांना काहीही केलेलं नाही, आवाज दाबला नाही, खरखर काढली नाही. खरखर काढताना त्यांच्या आवाजातली धारही जाते. तेवढ्यापुरता ट्रेबल खाली घ्या. १९३७ साली खाँसाहेब गेले. त्यांनी घर केलेल्या या गावात तुम्ही त्यांचा आवाज घेऊन शिराल, म्हणून ते शेवटी ठेवलंय. तुम्ही मला मांडीवर घेऊन टेपचं बटण माझ्या बोटाने दाबायला लावायचात ना, तेव्हा याच आवाजाला मी "रडणारे आजोबा" म्हणायचे. आई, बाबांचे डोळे भरले तर काही बोलू नकोस, पाणी दे.

साडेसहाला सानपाड्यावरून जाल. मी रस्त्याला उभी असेन, स्टेशनच्या अलीकडे, पेट्रोल पंपाशी. थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा आणि डब्यात घावन. दोन मिनिटं थांबा. बाबा, काच खाली करा, मला पेनड्राईव्ह लावून बघायचाय.

तुमची,
मनू