सुध्यास पत्र

कुर्डुवाडी
ता. ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझ्या वास्तुशांतीला आलो नाही, फोनही केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे आहोत, अण्णांचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

ट्रॅक्टर घेतला. पाडव्याला आणला. लाल, पंचेचाळीस एचपी. फोटो मुद्दामच पाठवला नाही, कारण तू पहिल्यांदा टायर मोठा करून बघितला असतास.

डीलरच्या शेडमागे पत्र्याला टेकून उभा होता. नवं मॉडेल आलं, त्याला साइडचे गियर, चौकोनी लाइट. आणि हा मधल्या गियरचा, गोल डोळ्यांचा, कोणी नेलाच नाही. मी सायलेन्सरचं टोपण उचललं तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर! सेल्समन पोरगं म्हणालं, "काका, तेवढं ॲक्सेसरीत धरा." हसलो, आणि हसलो तिथंच फसलो बघ. नवी बॅटरी टाकून घेतली, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून हे लिहून घेतलं, डिझेलच्या टाकीत टॉर्च मारून गंजही बघितला. एवढा शहाणपणा केला आणि हिशेबात माती खाल्ली.

साडेसात लाखांच्या पाटीवर लाखाची सूट, असं ठरलं. घरी येऊन तुझ्यासारखा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पाटी जुन्या बारा टक्के जीएसटीची! २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला पाचच टक्के. म्हणजे सत्तेचाळीस हजार सरकारनंच सोडलेले, ते त्या बाबानं स्वतःच्या उदारपणात धरले. शेडमागे अडीच वर्षं पडून राहिलेल्या मालावर त्याची खरी सूट त्रेपन्न हजार. आणि मी वर त्याला पेढे देऊन आलो.

पण पैशाचं दुःख नाही रे. इंजिन गुळगुळीत चालतंय, पन्नास एचपीच्या आतला असल्यानं पासिंगलाही अडचण आली नाही. उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक आरसीवरचं साल बघून भाव पाडणार, तेही कळतं. दुखणं वेगळंच आहे. घरी मी "नवा कोरा, यंदाचा" असं सांगितलंय.

आता तूच सांग, काय सांगायचं होतं? सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं खालचं सोयाबीन नेलं, त्यात अण्णांनी बैलजोडी सांगोल्याच्या बाजारात नेऊन विकली, पैसे माझ्या हातात ठेवले आणि परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत. त्या पैशात अडीच वर्षांचा शिळा ट्रॅक्टर आणला, हे तोंडातून निघेना.

परवा म्हातारा सकाळी ओल्या फडक्यानं टायर पुसत बसला होता. बैलांची शिंगं पुसायचा तसा, सावकाश. मागच्या टायरवर बोट ठेवून विचारलं, "बाळ्या, हे ११२३ काय रे?" अकरावा आठवडा, तेवीस साल. मी म्हणालो, "साइज आहे, अण्णा." ते बराच वेळ बोट तिथंच ठेवून होते. मग म्हणाले, "साइज तर इकडं लिहिलीय, १३.६–२८."

मी गोठ्याकडे निघून गेलो. तिथं तरी काय, दोन रिकाम्या दावणी.

आणि आरसी स्पीड पोस्टानं येणार, अण्णांच्याच नावानं. उत्पादनाचा महिना-साल छापलेलं असतं त्यावर. पोस्टमनची गाडी वाजली की मी ओसरीवर हजर. बायको विचारते, एवढं कुणाचं पत्र येणार आहे?

तुला हसू येत असेल. वीस वर्षांपूर्वी अकलूजला लूना घेताना तू रंगावर नख मारून दाखवलं होतंस आणि मी म्हणालो होतो, "तुला सगळ्यात खोटच दिसते." त्या लूनाचे अकराशे मी द्यायचे आहेत, हे तुझं तुणतुणं चालूच ठेव. चेन तूच तोडलीस.

पिंकीची बारावी ना यंदा? मावशींचा मोतीबिंदू झाला का? वहिनींना सांग, घर बघायला येतो, नक्की.

पण आधी तू ये. येत्या रविवारीच. अण्णा तुझं ऐकतात. तू नुसता टायरकडे बघून "तेवीसचा का रे हा?" असं मोठ्यानं म्हण, पुढचं मी बोलतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. – पोस्टमन आत्ताच येऊन गेला. लाइटबिल होतं.