मुलांना तयार मंडल नको, दोरा आणि खडू द्या

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा शेजारचा दहावीतला मुलगा विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, काकू, अरीय सममिती पाठ आहे पण कळत नाहीये. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण ह्याच्या दारात रोज रांगोळी असते आणि हा तीच ओलांडून क्लासला जातो. मी त्याला आतून एक सफरचंद आणून दिलं, म्हटलं नेहमीसारखं उभं नको, आडवं काप. आत बियांची पाच टोकांची चांदणी. म्हटलं, तुझ्या पुस्तकातला तारामासा असाच, मधोमध अशा पाच वेगवेगळ्या रेषांवर कापलास तरी दर वेळी दोन सारखे अर्धे मिळतील, फुलपाखराचे मात्र एकाच रेषेवर. झालं, दोन मिनिटांत कळलं.

मी रिटायर्ड कलाशिक्षिका आहे. आमच्या वेळीही पोर्शन राहिला की पहिला बळी ड्रॉइंगच्या तासाचा जायचा, तेव्हा आत्ताच्या शाळांना एकट्यांना काय बोलायचं. पण हल्ली जे चाललंय ते मला जास्त खटकतं. प्रोजेक्ट म्हणून दुकानातून छापील मंडल, म्हणजे तयार गोल नक्षी, आणायचं, मुलाने त्यात स्केचपेन फिरवायचं (उरलेलं रात्री अकराला आईने), की झाली सममिती! अहो त्यात मुलाने काय केलं? आकृती आधीच कोणीतरी विचार करून काढलेली आहे, पोराच्या वाट्याला फक्त रंग आलेत. शांत बसतात मुलं, हे मान्य.

मी दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या गच्चीवर मुलांना घेऊन बसते. सामान काय, तर दोरा, खडू आणि रांगोळी. एकाने दोरा मध्ये दाबून धरायचा, दुसऱ्याने टोकाला खडू बांधून गोल फिरवायचा, झालं वर्तुळ. मग तोच दोरा, तेवढाच, वर्तुळाच्या कडेवर एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत ताणून मांडत जायचं. बरोबर सहाव्यांदा आपण निघालो तिथे परत येतो. दर वर्षी कोणीतरी ओरडतंच, काकू तुम्ही आधी मोजून ठेवलेलं! मग दोरा लहान करून परत, मोठा करून परत, तरी सहाच. मधल्या बिंदूपासून खुणांपर्यंत रेघा ओढल्या की सहा समभुज त्रिकोण दिसतात, ६० गुणिले ६ म्हणजे ३६०, हे मग सातवीतली मुलगी आपणहून सांगते, मला सांगावं लागत नाही.

ठिपक्यांचंही तेच. समोरासमोर ठिपके मांडले की चार बाजूंची रांगोळी होते, पण ९ ते ५ मधले ठिपके (मधल्या ओळीत ९, मग दोन्हीकडे दर ओळीत एक कमी करत ५ पर्यंत, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध) घातले की सहा बाजू येतात, का येतात ते मुलं ठिपके मोजून शोधतात (एकूण ६१ होतात, मोजून बघा).

आणि एकदा तर मीच अडकले. एका सहा वर्षांच्या पोरीने तगरीचं फूल आणलं आणि विचारलं, हे दुमडलं तर सारखं का नाही होत? खरंच की, तगरीच्या पाकळ्या एकाच बाजूला वळलेल्या असतात, भिरभिऱ्यासारख्या. फिरवलं तर फूल तसंच दिसतं पण आरशात धरलं तर पाकळ्या उलट्या बाजूला वळतात. पंख्याचंही तसंच, वरती बघा. म्हणजे फिरवून जुळणं वेगळं आणि दुमडून जुळणं वेगळं, हे मला इतकी वर्षं शिकवूनही नीट सांगता येत नव्हतं, ते तिच्या फुलाने सांगितलं. छापील मंडलात ती एवढी रमली असती पण हा प्रश्न तिला कधी पडला नसता असं मला वाटतं.

भेंडी आडवी कापून ठसे उमटवणं सगळ्यांना माहीत आहे, पण एक करा, तीन-चार वेगवेगळ्या भेंड्या द्या आणि कंगोरे मोजायला सांगा. कधी पाच, कधी सहा, कधी जास्त. लिंबाच्या फोडीही मोजा. निसर्ग काही कंपासपेटी घेऊन बसत नाही हे कळायला पण बरं.

आता तुमच्याकडे एक मागणं. रविवारच्या मुलांच्या पानावर 'रंग भरा' म्हणून तयार गोल नक्षी छापली जाते, त्याऐवजी एखाद्या रविवारी नुसतं रिकामं वर्तुळ, कडेवर सहा खुणा आणि एकाच भागात अर्धवट काढलेली पाकळी एवढंच छापा, बाकीचे पाच भाग मुलं पुरे करतील. एखाद्याची पाकळी वाकडी आली तर येऊ दे. पुढच्या रविवारी तगरीसारखं वळलेलं द्या. नमुने हवे असतील तर मी काढून पाठवीन, मानधन नको, फक्त पेपरची घडी त्या वर्तुळावर येणार नाही एवढं बघा.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, रत्नागिरी