तारीख आधी सांगा, पत्रिका मागनं येऊ दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई सुरू झाली की पेपरात रोज एकदोन तरी चौकटी दिसतात, वर गणपती, मध्ये वधूवरांची नावं आणि खाली ते ठरलेलं वाक्य, नजरचुकीने निमंत्रण पोहोचले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. मला ते वाचून दरवेळी हसू येतं. नजरचूक कसली, पत्रिका छापून यायलाच उशीर झालेला असतो आणि मग राहिलेल्या आठ दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडपासून शिरोळपर्यंत पसरलेले पाव्हणे गाठणं कुणाच्याच्यानं होत नाही. पेपरातली चौकट वाचून कोण लग्नाला जातंय आपल्याकडं? उलट "आमाला पेपरातनं कळलं हं" म्हणून वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

तारीख काय आठ दिवसांपूर्वी ठरलेली नसते. आजकाल हॉल मिळतोय का बघून मग मुहूर्त धरतात, कारण मुहूर्तच मोजके. चातुर्मासात नाही, तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू, पौषात बरेच जण करत नाहीत, त्यात अधिक महिना आला की अजून अडचण, २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ म्हणजे ऐन सुट्टीतला महिना गेला की नाही. त्यामुळं हॉल, आचारी, मांडववाला, फोटोवाला सगळ्यांना तीन-चार महिने आधी ॲडव्हान्स जातो. म्हणजे फोटोवाल्याला तारीख माहीत, घोडीवाल्याला माहीत आणि पोरीच्या सख्ख्या आत्त्याला माहीत नाही. असं का होतं तर आपण तारीख आणि पत्रिका या दोन गोष्टी एकच धरून बसलोय. पत्रिका आल्याशिवाय सांगायचं नाही, एवढंच डोक्यात.

आणि पत्रिका का येत नाही ते लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही छापखान्यात तासभर बसलं तरी कळेल. कार्ड अर्ध्या तासात पसंत होतं, मजकूर पंधरा दिवस होत नाही. निमंत्रकात कोण, स्वागतोत्सुकात कोण, थोरल्या चुलत्याचं नाव आधी का वयानं मोठ्या असलेल्या धाकट्या घरच्या चुलत्याचं, कैलासवासी कोण राहिलं, मामाकडच्यांची ओळ इतकी बारीक का. मग कारखान्याचे चेअरमन, आमदार, तालमीचं मंडळ. प्रूफ व्हॉट्सॲपवर भावकीच्या ग्रुपला पडतं आणि तिथं जे व्हायचं ते होतं, एकदोघं ग्रुप सोडून जातात. खाली परत "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणून लहान पोरांची नावं घालायची, त्यातलं एक राहिलं की त्याची आई रुसली. एवढं सगळं निस्तरून कार्ड हातात येतं तेव्हा लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असतं. मग पहिली पत्रिका अंबाबाईला, जोतिबाला, कुलदैवताला, गावदेवाला, मग मामाला, आणि मग बाकीचे. देवाला पहिली पत्रिका ठेवायलाच पाहिजे, आमच्या घरात पण ठेवतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फोनवर "बारा तारखेला धरलंय, मोकळं राहा" एवढं सांगितलं तर अंबाबाई रागवेल असं मला तरी वाटत नाही. काहीजण दृष्ट लागते म्हणून सांगत नाहीत. त्यांनाच साखरपुड्याचे फोटो स्टेटसला टाकताना दृष्टीची आठवण होत नाही, ते एक असो.

पूर्वी उशिरा सांगितलं तरी खपून जायचं कारण पाव्हणे कागल, गारगोटी, गडहिंग्लज इतक्यातच असायचे, सकाळी एसटीत बसलं की अक्षता पडायच्या आत हजर. आता निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, कुणी बेंगलोरला. रेल्वेचं रिझर्वेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० दिवस होतं. म्हणजे मुंबईच्या माणसाला महालक्ष्मी एक्सप्रेसनं यायचं असेल तर त्याला दोन महिने आधी तारीख कळायला पाहिजे, मे महिन्यात तर बुकिंग उघडायच्या दिवशीच. तुम्ही पंधरा दिवस आधी पत्रिका पाठवणार, त्यानं वेटिंगवर लटकायचं किंवा खाजगी बसला जास्तीचे पैसे मोजायचे, आणि नाही आला की "मोठी झाली माणसं" म्हणून आपणच बोलणार. रजेचं तेच, कंपनीत आठ दिवस आधी मागून रजा मिळत नाही हे पोरांच्या आईबापांना कळतं पण चुलत्यांना कळत नाही. सरकारचं बघा, विशेष विवाह कायद्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं असलं तर नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, का तर कुणाची हरकत असली तर त्याला कळायला पाहिजे. हरकत घेणाऱ्याला महिना आणि आहेर घेऊन येणाऱ्याला आठवडा!

माझं म्हणणं साधं आहे. हॉलचा ॲडव्हान्स दिला की त्याच आठवड्यात बाहेरगावच्या आणि अगदी जवळच्या माणसांना फोन करायचा, तारीख, गाव आणि वेळ सकाळची का गोरज एवढंच सांगायचं. पत्रिका मग तीन आठवडे आधी निघू दे नाहीतर दोन, कुणाचं काही अडत नाही. फोन मात्र घरातल्या मोठ्यानं करायचा. नवऱ्या मुलानं ग्रुपवर टाकलेलं आमंत्रण आमच्या पिढीला आमंत्रण वाटत नाही, वाटणार पण नाही.

व्हॉट्सॲपबद्दल पण सांगते. ही सवय कोरोनात लागली, एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसं आणि २ तास असा नियम होता तेव्हा बोलवायचं नव्हतंच, नुसतं कळवायचं होतं, तेव्हा ते बरोबर होतं. आता बोलवायचं असून पण तेच चाललंय. लोक ब्रॉडकास्ट लिस्ट करतात, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पाठवणाऱ्याला वाटतं झालं काम. पण ज्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज जातच नाही हे कितीजणांना माहीत आहे? म्हणजे लांबचा पाव्हणा, जुना शेजारी, ज्यांना आठवणीनं सांगायचं होतं नेमके तेच राहतात. आणि दुसरं, लग्नाच्या पत्रिकेच्या नावानं एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, पाठवून मोबाईलमधनं बँक खाती साफ करायचे प्रकार झालेत, पोलिसांनी त्याचे इशारे दिलेत. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ती उघडायला कुठलं ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. आता लोक अनोळखी नंबरवरनं आलेली पत्रिका भीतीनं उघडतच नाहीत आणि ते बरोबरच करतात, म्हणून आधी फोन आणि मग पत्रिका.

घरी जाऊन सांगायचं कुणाला? म्हाताऱ्या माणसांना, मानकऱ्यांना, ज्यांच्या घरात वर्षभरात दुःख झालंय त्यांना, आणि ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांना तर नक्कीच, लग्न हे एकच निमित्त असतं परत दार उघडायचं. बाकी सगळ्यांकडं जायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिलच्या उन्हात घरातल्या दोन बायका कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत फिरतात, प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी "बसा की वो", दिवसाला दहा घरं होत नाहीत आणि घरी आल्यावर स्वयंपाक त्यांनाच. पुरुष गाडीत बसून एसी लावून पत्रिकेवर नावं घालतात. सांगताना नुसतं "यायचं" म्हणून पण भागत नाही, हळदीला, लग्नाला का पूजेला, आणि घरातनं एकट्यानं का सगळ्यांनी, ते तोंडानं सांगा. पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार सगळ्यांनाच छापलेलं असतं, त्यावरनं काही कळत नाही.

येणाऱ्यांची पण एक खोड आहे. आठ दिवस आधी फोन करून किती जण येणार विचारलं की "का, मोजून वाढणार हाय काय?" आचाऱ्याला पानांचा अंदाज द्यावा लागतो, चारशे सांगितले आणि सातशे आले तर मसालेभात संपतो आणि दोनशेच आले तर जिलेबीच्या पराती तशाच राहतात. विचारलं तर राग मानू नका, आणि येणार नसला तर नाही म्हणा, "बघू, जमवतो" म्हणू नका. कोल्हापुरात बघू म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आचाऱ्याला हिशोबात धरता येत नाही.

एक शंका लोक काढतात, इतक्या आधी सांगितलं आणि मध्ये सुतक आलं, तारीख हलली तर? तर परत फोन करायचा. त्यासाठी कुणाकुणाला सांगितलंय ते वहीत लिहून ठेवावं लागेल, आणि प्रत्येक बाजूला एकेक माणूस नेमावा, मामाकडचं मामा बघेल, भावकीचं थोरला चुलता. छापलेली पत्रिका मात्र त्यावेळी परत छापावी लागते, मग ती उशिरा काढणंच बरं नाही का?

आपली एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर