मुदत कधीपासून मोजायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत रेल्वे कामगाराला कर्करोगाची भरपाई मिळाल्याची बातमी आली की आमच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘त्यांना काय, पैशाला तोटा नाही.’ मला त्यातल्या पैशापेक्षा दावा करायच्या मुदतीचं जास्त वाटतं.

तिथल्या मिसूरी पॅसिफिक रेल्वेवर यूरी नावाचा फायरमन वाफेच्या इंजिनावर जवळपास ३० वर्षं होता. चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडतात. मीही शिंदवण्याच्या घाटात गाडी चढवताना कितीदा सोडली असेल! ती कोरडीच लागते, ओली झाली की नळीत अडकते. शेडमधला खलाशी पेटीत वाळू ओतायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. यूरीचं म्हणणं होतं की इंजिनातली वाळूची यंत्रणा बिघडलेली होती आणि धूळ कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या खोलीत यायची. १९४० मध्ये त्याचं काम सुटलं. निदान झालं सिलिकोसिसचं, म्हणजे वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं.

रेल्वेने कोर्टात मांडलं की तो १९१० पासून ही धूळ खातोय, म्हणजे आजार जुनाच आणि दाव्याची मुदत कधीच संपली! १९४९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. जो आजार माणसाला कळलाच नव्हता, त्याची मुदत त्याच्या नकळत कशी संपेल? १९०८ च्या त्यांच्या रेल्वे कामगार कायद्यात दाव्याला ३ वर्षं आहेत. कर्करोगासारख्या आजारात ती मोजतात, आजार आणि त्याचा कामाशी संबंध कामगाराला कळला किंवा कळायला हवा होता तेव्हापासून.

तिथेही सगळं सुखाचं नाही. मालकाचा हलगर्जीपणा कामगारालाच सिद्ध करावा लागतो, आणि त्याचीही चूक निघाली तर रक्कम तेवढी कापतात. या बाबतीत आपला १९२३ चा भरपाई कायदा उजवा होता. त्यात मालकाची चूक दाखवावी लागत नसे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोगही त्याच्या यादीत होता. पण नोकरी सुटल्यानंतर लक्षणं २ वर्षांच्या आत दिसली, तरच आजाराचा दिवस लक्षणं दिसल्यापासून धरायची सवलत होती. अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. २ वर्षांचा आकडा कुणी काढला असेल, देव जाणे.

डिझेलच्या धुराचं तर त्या यादीत नावच नव्हतं. दोन इंजिनं जोडून गाडी बोगद्यात शिरली की पुढच्याचा धूर मागच्या कॅबमध्ये बसलेल्याच्या वाट्याला यायचा. खिडकी लावली तर उकडून जीव जायचा, उघडी ठेवली तर रुमाल काळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला. माझ्याबरोबर असिस्टंट असलेला एक जण निवृत्तीनंतर ११ वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. धुरानेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दवाखान्यात त्याला बिडी, सिगारेट, तंबाखू सगळं विचारलं. पोटापाण्याला काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता कामगार कायदे नव्याने बसवले जात आहेत, तर दोन गोष्टी व्हाव्यात. मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी, मग निवृत्तीला कितीही वर्षं झालेली असोत. आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर संपेल तोवर ठेवा. तशीच नोंद शेडमध्ये आणि इंजिनावर राबणाऱ्यांची ठेवावी, आणि निवृत्तीच्या कागदांबरोबर तिची एक प्रत आमच्या हातात द्यावी. पेन्शनच्या फायलीत ती आम्ही नीट जपू.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, मिरज